तिसऱ्या दिवसाचा पाहुणा

५ नोव्हेंबर, बुधवार
आज उपास होता. नर्सरीतल्या बायकांबरोबर वडापाव खाल्ला आणि अर्धा संपल्यावर आठवलं. मग उरलेला अर्धाही खाल्ला, अन्न टाकू नये. शुक्रवारी बघू.

उपासाचं खूळ माझं नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी झेरॉक्स करून बांधलेली एक जाड प्रत दिली आहे. अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांचं लिखाण, प्रेषितांच्या मागून आलेल्या माणसांचं. कुणीतरी मराठीत आणलंय. तीस तारखेला कापणीचा सण, त्या दिवशी मी पंधरा मिनिटं बोलायचं: हे पहिले ख्रिस्ती लोक रोज कसे जगत. मी म्हटलं, साहेब, मी टोमॅटोची रोपं विकते. ते म्हणाले, म्हणूनच.

मला वाटलं होतं, जड जड काहीतरी असेल. तसं काही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगाव्यात तशा सूचना आहेत. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्या. वाहतं नसेल तर असेल त्या पाण्यात. थंड सोसत नसेल तर कोमट चालेल. डिसेंबरात जुन्नरच्या थंडीत उभं राहून कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं.

उपास बुधवारी नि शुक्रवारी. कारण शेजारचे दुसरे लोक सोमवारी नि गुरुवारी करत, त्यांच्याबरोबर नको. आता गंमत बघा, आमच्या आळीतही सोमवार-गुरुवारच चालतात. एवढं एक मला पटलं नाही. शेजारणीबरोबर उपाशी राहिलं तर काय बिघडतं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार
उपास केला, पुरता केला. दुपारी तीनला ट्रे भरणाऱ्या बायकांवर ओरडले, साडेतीनला ह्यांच्यावर, चारला कुत्र्यावर.
सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "उपास पोटाला धरलाय, तोंडाला बी धरायचा व्हता."
त्यांनी प्रतीचं एक पानही वाचलेलं नाही. त्यांना अक्षरं नीट दिसतही नाहीत. पण त्यातलं निम्मं त्या बोलून दाखवतात.

८ नोव्हेंबर, शनिवार
संध्याकाळी शांतवनकाका आले. नगरच्या बसने आळेफाट्यापर्यंत, तिथून जीपने. चादरीत बांधलेली पेटी आणि एक पिशवी. मी त्यांना लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं. सासूबाई मात्र लगेच उभ्या राहिल्या.

काका ख्रिस्ती कीर्तन करायचे. नगर, शेवगाव, इकडे जुन्नर-आंबेगावपर्यंत गावोगाव. सासरे होते तेव्हा त्यांच्या मागे टाळ धरायचे. आता कुणी बोलावत नाही. पोरांकडे कीबोर्ड आहेत, ड्रम आहेत, पडद्यावर गाण्याचे शब्द येतात. उद्या उपासनेनंतर आमच्या मंदिरात कीर्तन करतील. पाळकसाहेब हो म्हणाले.

झोपायला पुढची खोली दिली. आत्ता रिकामीच आहे. थंडी वाढली की बी टाकलेले ट्रे तिथे ठेवतो, उबेला. बाहेर शेडनेटमध्ये डिसेंबरात मिरची उगवत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
कीर्तन झालं. आवाज फाटलाय, पण ताल कुठे चुकत नाही. पोरं आधी हसली, मग मोबाईलवर शूटिंग करायला लागली, नंतर मोबाईल खाली ठेवून टाळ्यांनी ताल धरला. सासूबाई पूर्ण वेळ रडत होत्या आणि विचारलं तर म्हणाल्या, डोळ्यात काहीतरी गेलंय.

रात्री जेवणाआधी काकांनी प्रार्थना केली. लांबलचक. शेवटी परमेश्वराचे आभार मानले, "ह्या घरात उद्या शिजणाऱ्या गावरान कोंबडीबद्दल." कोंबडी तेव्हा अंगणात निवांत फिरत होती. तिला काही कल्पना नव्हती, मलाही नव्हती.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज शेडनेटमध्ये एकटीच बसून इतकी हसले की कामाच्या बायका बघायला आल्या.

पाहुण्यांचे नियम सापडले. त्या काळी गावोगाव फिरणारे प्रचारक, संदेष्टे असत. मंडळ्यांची घरं म्हणजे त्यांची धर्मशाळा. काही खरे, काही नुसते जेवायला आलेले. मग ओळखायचं कसं? तर सांगितलंय: आलेल्याचं स्वागत करा. एक दिवस राहू दे, गरज असेल तर दोन. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा.

आणि पुढचं तर कहर. अंगात आत्मा आलाय म्हणून जो जेवणाचं ताट मागवतो आणि त्यातलं स्वतः खातो, तोही खोटा.
काल काकांनी दोन्ही तंगड्या खाल्ल्या.

आपल्याकडे काय म्हणतात? पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इतक्या लांबच्या, इतक्या जुन्या माणसांना आणि आपल्या म्हाताऱ्यांना एकच अनुभव यावा? पाहुणा सगळीकडे सारखाच असणार.
आज काकांचा तिसरा दिवस कधीच उलटलाय. सासूबाईंना म्हण ऐकवली तर म्हणाल्या, "त्ये पाव्हण्याला. ह्यो घरचा हाय."

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पलीकडच्या कांद्याच्या मोकळ्या रानात मेंढपाळ कोंडिबाने मेंढरं बसवलीत. रात्रभर मेंढरं रानात बसतात, खत पडतं, मालक धान्य देतो, की कळप पुढच्या रानाला. सकाळी चहाला आला. मी विचारलं, किती मुक्काम?
"दोन राती. तिसऱ्या राती रान बी नगं म्हणतंय आन् मालक बी."
मी सांगितलं, आमच्या जुन्या पुस्तकात पण हेच आहे.
त्याने बशी खाली ठेवली. "मग त्येंच्याकडं मेंढरं असत्याल."

ह्यांनी आज पहिल्यांदा विषय काढला. मिरचीचं बुकिंग आलंय, रात्री गार पडायला लागलंय, पुढची खोली लागेल. काका पुढे कुठे जाणार, विचार की. मी म्हटलं, तुम्ही विचारा. हे म्हणाले, आईसमोर? दोघांनीही विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दुपारी काका शेडनेटमध्ये आले. "सूनबाई, तू काय वाचून हसतीस? मला बी ऐकव, मला अक्षर दिसत न्हाई."
टाळता आलं असतं. दुसरं पान उघडता आलं असतं. एक पत्र आहे, त्यात लिहिलंय की हे लोक वेगळ्या गावात राहत नाहीत, वेगळं खात-नेसत नाहीत, शेजाऱ्यांसारखेच असतात, फरक फक्त वागण्यात दिसतो. किती छान, ते वाचायचं होतं. पण माझ्या मनात काय होतं कोण जाणे. थोडा चावटपणा, थोडी खोलीची काळजी. पाहुण्यांचंच पान वाचलं. कोंबडीचं तेवढं गाळलं.

काकांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "लई शहाणी माणसं व्हती." जरा वेळाने, "फुडं?"
पुढचं वाचलं. येणारा नुसता वाटसरू असेल तर जमेल तेवढी मदत करा, दोन दिवस, फार तर तीन. त्याला तुमच्यात राहायचंच असेल आणि हाताला कसब असेल तर काम करू दे, खाऊ दे. कसब नसेल तर तुम्हीच आपल्या समजुतीने ठरवा, म्हणजे तो तुमच्यात रिकामा बसणार नाही. तेही नको म्हणाला तर तो ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणारा, त्याच्यापासून सावध.
"ते धंद्याचं परत वाच," म्हणाले.
परत वाचलं. उठून गेले. पेटीचा आवाज आज आला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
उपासना संपताना काका उभे राहिले. म्हणाले, सूनबाईने मला जुन्या मंडळीची रीत सांगितली. आजपासून मी त्या रीतीने राहणार. प्रत्येक घरी दोन राती. तिसऱ्या सकाळी निघणार. भाकरी बांधून द्या, दुसरं काही नको.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नारायणगावचे पोस्टमन लगेच म्हणाले, पहिला मान आमचा. पारगावच्या कारखान्यातले फिटर भाऊसाहेब म्हणाले, मग आमच्याकडे. अवसरीच्या कॉलेजात मेस चालवणाऱ्या मालनताई, आळेफाट्याचे गॅरेजवाले, सगळ्यांनी नंबर लावले. जणू देवाची पालखीच घरी यायची आहे.
मी वाळल्या पानासारखी उभी. सासूबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. घरी येताना टेम्पोत एक शब्द नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
उपास. अजून सासूबाई बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर कुत्र्याला सांगतात. "अरं, तिला सांग, दूध उतू गेलंय."

पुढच्या खोलीत ट्रे लावले. खोली छान उबदार झाली. हे खूश.

पारगावहून फिटर भाऊसाहेबांचा फोन. काका ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, त्यांच्या झोपड्यांवर, जाऊन गायले, बायका-पोरं जमली, मुकादमाने चहा दिला. भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, तुमचा नियम लई भारी चाललाय." मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर अभिमानच वाटला. इतकं जुनं लिखाण जुन्नर तालुक्यात चालू होतंय, आणि ते माझ्यामुळे. तीस तारखेला हेच सांगायचं ठरवलं. भाषण तयार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मालनताईंचा मेसेज, सोबत व्हिडिओ. इंजिनिअरिंगची पोरं मेसच्या बाकांवर बसलीत, काका पेटीवर. पोरं डब्याच्या झाकणांवर ताल धरतायत. सासूबाईंनी माझ्या हातातून मोबाईल घेतला, तीनदा पाहिला, परत दिला. बोलल्या नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज प्रभुभोजन होतं. प्रतीत स्पष्ट आहे: सोबत्याशी भांडण असेल तर समेट होईपर्यंत या भाकरीला येऊ नये. मी मंदिराच्या दारात सासूबाईंना गाठलं. आई, असं असं लिहिलंय. आपलं मिटवू.
आठवड्यात पहिल्यांदा बोलल्या. "आपलं भांडण न्हाई. मी बोलत न्हाई, येवढंच."
आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. मी मागे बसून विचार करत राहिले, हे भांडणात मोडतं की नाही. भाकरी घेतली. चूक की बरोबर, माहीत नाही.

काका आले नाहीत. आळेफाट्याचे गॅरेजवालेही नव्हते. कुणीतरी म्हणालं, ते संगमनेरला लग्नाला गेलेत, काकांना बरोबर नेलं असेल. म्हटलं, बरं झालं, लग्नात जेवण चांगलं मिळेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
ट्रेमध्ये भरायचं कोकोपीट आणायला आळेफाट्याला गेले होते. टेम्पो मीच चालवत होते. नाशिकच्या बसगाड्या थांबतात तिथल्या हॉटेलापुढच्या बाकावर काका. मांडीवर पेटी, चादर अंगाभोवती.

"काका, गॅरेजवाल्यांकडे ना तुम्ही?"
"कुलूप हाय. लग्नाला गेल्याती. येतील."
"कधी आलात?"
"ह्ये आत्ताच."
भजी तळणारा मध्येच बोलला, "आत्ताच कशाचं? बाबा शनिवारपास्नं हितंच हायेत. गाणी म्हणत्यात, आमी भजी देतो. राती शटरच्या आत घेतो. थंडी लई हाय."

मी विचारलं, फोन का नाही केला. मला वाटतं मी ओरडलेच.
काका म्हणाले, "तुमच्याकडं माझ्या दोन राती कवाच झाल्या, सूनबाई."

मी त्यांची पेटी उचलून टेम्पोत ठेवली. लाज वाटली, आणि रागही आला. काकांचा, गॅरेजवाल्यांचा, त्या प्रतीचा, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. भाषण तयार केलं होतं मी.

गाडीत विचारलं, तुमचं घर? म्हणाले, जुन्या मिशनच्या आवारात एक खोली होती. ती इमारत पाडली. पुतण्याकडे काही दिवस होतो. कोकोपीटच्या विटांवर पाय ठेवून बसले होते. वाटभर गुणगुणत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी दारातूनच पाणी आणलं. माझ्याशी बोलल्या: "जेवन वाढ."

२६ नोव्हेंबर, बुधवार
उपास विसरले. मुद्दाम नाही.

काका सकाळी म्हणाले, हाताला काम द्या. ट्रे भरायला बसवलं. एका खळग्यात एक बी, एवढंच काम. काकांच्या एका खळग्यात तीन, पुढचे चार रिकामे. पण गाणं चालू. बायका हसून हसून बेजार, त्यांचेही ट्रे चुकले. हे संध्याकाळी म्हणाले, "ह्यांनी भरलेला ट्रे दुसऱ्यांदा भरावा लागतो. बी काय फुकट येतंय?"

दुसरं काही येतं का? विळा धरवत नाही, हात थरथरतात. मोजमाप जमत नाही. कुत्रं मात्र त्यांचं ऐकतं. तर काकांना कसब नाही. कीर्तन हे कसब धरायचं का? प्रतीत कसबांची यादी नाही. असती तर मी आज तिथे कीर्तन शोधलं असतं.

रात्री आम्ही दोघं बोललो. ह्यांचं म्हणणं चुकीचं नाही. काका पुढच्या खोलीत ट्रेच्या मधोमध झोपतात. पहाटे खिडकी उघडून गातात, गार वारा आत, मिरचीची एक खेप उगवायची राहिली. गिऱ्हाईक आम्हाला बोलणार, काकांना नाही. आई सत्त्याहत्तरची, तिचंच करताना आम्ही थकतो.
"दोन दिवस कुणीबी ठिवतंय," हे म्हणाले. "दोन दिवसाला टाळ्या वाजवत्यात. जन्मभर कोण ठिवतं, ते सांग."


पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, वृद्धाश्रम आहेत, चौकशी करतो, महिने लागतात. मग म्हणाले, मंडळीपुढे ठेवा. प्रत तुमच्याकडे आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी उठून बघते तर काका अंघोळ करून, पेटी चादरीत बांधून ओट्यावर बसलेले. पिशवी शेजारी. दोन राती झाल्या म्हणे.
 हे ब्रश तोंडात धरून उभे.
सासूबाई आतून आल्या, पेटीची गाठ सोडली, म्हणाल्या, "दोन दिवस ऱ्हा."
फक्त दोन दिवस म्हणाल्या. काकांनी मान हलवली. चादर घडी करून आत ठेवली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
प्रत पुन्हा पहिल्यापासून वाचली. या वेळी हसू आलं नाही, पण कुतूहल वाढलं. हे लोक सगळं ठरवून देतात. उपासाचा वार, पाण्याची ऊब, प्रार्थना दिवसातून तीनदा. पाहुणा किती दिवस, त्याला भाकरी किती. खोटा कसा ओळखायचा, ते तर चार-चार तऱ्हांनी. आणि जिथे खरी अडचण येते, म्हणजे राहू पाहणारा, कसब नसलेला, म्हातारा माणूस, तिथे येऊन म्हणतात: तुमच्या समजुतीने ठरवा.
एवढंच. पुढच्या ओळीला दुसराच विषय.

त्यांना सुचलं नसेल? की सुचलं आणि जाणूनबुजून सोडलं? आधी वाटलं, कंटाळले असतील. मग वाटलं, कुणाच्या तरी ओट्यावर असाच कुणी पेटी बांधून बसला असेल, आणि घरातल्यांचं एकमत झालं नसेल.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी पुन्हा पेटी बांधलेली. सासूबाई चुलीपाशी, मुद्दाम पाठ करून. हे टेम्पोत ट्रे चढवत होते, चढवतच राहिले.
मला कळलं, आज माझी पाळी.
"काका, दोन दिवस राहा," मी म्हटलं. सोपं वाटलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा याच्याहून सोपं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार
कापणीचा सण. वेदीपुढे ढीग: भोपळे, गवार, मक्याची कणसं, पारगावहून उसाची मोळी, अवसरीच्या मालनताईंचे लाडू, एक पाय बांधलेला कोंबडा. आमच्या नर्सरीची रोपं. उपासनेनंतर लिलाव, नेहमीसारखा. एका भोपळ्यासाठी पोस्टमन आणि फिटर भाऊसाहेब दरवर्षी भांडतात आणि दरवर्षी दोघंही हसतात. पैसे मंदिराच्या पत्र्याला जातात.

मी बोलायला उभी राहिले. भाषण घरी ठेवलं होतं. उपास, कोमट पाणी, शेजाऱ्यांसारखं खाणं-नेसणं, थोडं सांगितलं. मग पीकपाण्याचं. पहिल्या मंडळ्यांत घाण्याचं, खळ्याचं, गुराढोरांचं पहिलं फळ संदेष्ट्याला देत. संदेष्टा नसेल तर गरिबाला. लिलाव कुठे सापडला नाही.

मी विचारलं, आपल्यात काका आहेत. त्यांना काय म्हणायचं? संदेष्टा की गरीब?

फिटर भाऊसाहेब म्हणाले, "संदेष्टा म्हणलं तर वहिनी, तुमच्याच पुस्तकाप्रमाणं तिसऱ्या दिवशी खोटं ठरत्यात."
गॅरेजवाले मान खाली घालून बसले होते. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं एवढंच.

काका उठले. "मला गरीब म्हणा," म्हणाले. "संदेष्ट्याला दोन दिवस. गरिबाला मुदत टाकलेली सूनबाईनं वाचली न्हाई."

मंडळी हसली. मग हसणं थांबलं आणि कुणाला कुठे बघावं कळेना. पाळकसाहेब म्हणाले, आपण यावर प्रार्थनापूर्वक विचार करू. म्हणजे आज काही नाही. पोस्टमननी सवयीने भोपळा उचलला, बोली सुरू केली.
सासूबाई उठून गेल्या आणि भोपळा त्यांच्या हातातून काढून घेतला.
"ह्येचा लिलाव न्हाई."
मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसल्या. बाकी सगळ्याचा लिलाव झाला. कोंबडाही गेला.
गॅरेजवाल्यांनी जाताना काकांना सलाम केला आणि म्हणाले, ह्या शनिवारी नक्की या, आम्ही घरीच आहोत. दोन राती.

परत येताना टेम्पोत काका मागे, भोपळा पायाशी. हे गाडी चालवत होते. मी म्हटलं, भाजी करू की घारगे? ह्यांनी नुसता गिअर बदलला. मला वाटतं त्यांना राग नव्हता. हिशोब चालू असावा, खोलीचा, मिरचीचा, आईचा, पुढच्या वर्षांचा. तो मला माहीत आहे, कारण माझाही तोच चालू होता.

१ डिसेंबर, सोमवार
सकाळ. हे लिहिते आहे स्वयंपाकघरात, उंबऱ्यापाशी बसून, कारण इथून ओटा दिसतो.

काका अंघोळ करून बसलेत. पेटी बांधलेली. या वेळी गाठ नीट बांधलीय, दुहेरी. शेजारी पिशवी, पिशवीत मी काल केलेले घारगे सासूबाईंनी आधीच घालून ठेवलेत. पुढच्या मुक्कामापुरते. त्या तर नियमही पाळतात.

सासूबाई आत आल्या आणि अंथरुणावर पडल्या. झोपलेल्या नाहीत, डोळे उघडे आहेत. एकदा त्यांनी म्हटलं, एकदा मी म्हटलं. तिसरी पाळी कुणाची ते घरात सगळ्यांना माहीत आहे. ह्यांनाही.

आज जुन्नरच्या गिऱ्हाइकाचे ट्रे द्यायचेत. हे ओट्यावरून चार वेळा गेले-आले. प्रत्येक खेपेला काका पाय आवरून वाट देतात. पाचव्या खेपेला ह्यांनी शेवटचा ट्रे चढवला, मागची फळी लावली. हात पुसले. ओट्याकडे पाहिलं, मग मिरचीच्या खोलीच्या खिडकीकडे. मला दिसत होतं. मी काही म्हणणार नाही असं ठरवलंय, आणि ते अवघड जातंय.

गाडीत बसले. टेम्पो सुरू झाला.
काकांनी पेटी उचलून मांडीवर घेतली.

टेम्पो बंद झाला. दार अजून उघडलेलं नाही.